अधिकारास पात्र कोण?

निर्गमाच्या अठराव्या अध्यायातला इथ्रो हा मला नेहमीच मोठा व्यवहारी मनुष्य वाटत आला आहे. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसतो आणि लोक ताटकळत उभे राहतात, हे पाहून त्याने मोशेला काम वाटून देण्याचा सल्ला दिला. पण तो एवढ्यावर थांबला नाही. ज्यांच्यावर काम सोपवायचे ती माणसे कशी असावीत, हेही त्याने सांगितले. ती कर्तबगार असावीत, त्यांच्या ठायी देवाचे भय असावे, ती खरेपणाने वागणारी असावीत आणि लाचेचा त्यांना तिटकारा असावा. अटी एवढ्या चारच.

या चार अटींकडे नीट पाहिले म्हणजे एक अडचण ध्यानात येते. माणसाचे वय मोजता येते. शिक्षणाचा दाखला मागता येतो. तो कोणत्या गावचा रहिवासी आहे, हे कागदपत्रांवरून ठरवता येते. पण देवाच्या भयाचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो? लाचेचा तिटकारा आहे असे कोणत्या शिक्क्याने सिद्ध होते? इथ्रोने सांगितलेल्या गुणांपैकी फार तर कर्तबगारी थोडीफार कागदावर उतरते. उरलेले तीन गुण अंतःकरणात राहतात, आणि अंतःकरण पाहणारा देव आहे. तरीही माणसे निवडावी तर लागतातच. मग जे दिसत नाही त्याची परीक्षा कशी घ्यावी, आणि जे दिसते त्यावर किती भिस्त ठेवावी?

हा प्रश्न केवळ अभ्यासवर्गातला नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो वर्षानुवर्षे कायदेमंडळात, न्यायालयात आणि मतपेटीपाशी विचारला जात आहे. तेथील काउंटीचा शेरीफ हा अधिकारी लोकांच्या मतांनी निवडला जातो, आणि त्या निवडणुकीला कोणी उभे राहावे याविषयी तेथे मोठा मतभेद आहे. तो मतभेद समजून घेतला तर आपल्या मंडळीच्या पंचांची निवड करतानाही आपल्याला त्याचा उपयोग होईल, अशी माझी खात्री आहे.

शेरीफ म्हटले की आपल्या वडीलधाऱ्या वाचकांना मुंबईचा नगरपाल आठवेल. १९८० साली दिलीप कुमार आणि १९९४ साली सुनील गावसकर हे मुंबईचे शेरीफ होते. ती नेमणूक वर्षभराची आणि मानाची. मुंबईच्या शेरीफच्या हाती दंडुका नाही आणि तुरुंगाची किल्लीही नाही. अमेरिकेतल्या शेरीफच्या हाती या दोन्ही गोष्टी आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या त्या देशात आहेत, आणि पन्नासांपैकी चाळीसहून अधिक राज्यांत त्यांचे शेरीफ लोक निवडतात. बहुतेक ठिकाणी मुदत चार वर्षांची असते. नगरांच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांचा बंदोबस्त ठेवणे, न्यायालयाचे हुकूम बजावणे, घर खाली करून देण्याचा निकाल झाला असेल तर त्या घराच्या दाराशी जाऊन उभे राहणे, आणि बहुतेक काउंट्यांत तुरुंग चालवणे, ही त्याची कामे. आपल्याकडे जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक सरकार नेमते आणि सरकारच त्याची बदली करते. तेथे शेरीफला नेमणारा कोणी वरिष्ठ नसतो. त्याला बसवणारे लोक आणि उठवणारेही बहुतांशी लोकच.

हे पद इंग्लंडातून तेथे गेले. परगण्यातला राजाचा कारभारी, असा त्या जुन्या शब्दाचा अर्थ. हे कारभारी सारा वसूल करीत, माणसे पकडीत, आणि पुष्कळदा राजापेक्षाही त्यांचाच जाच अधिक होई. म्हणून १२१५ साली इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाकडून जी मोठी सनद मान्य करून घेतली, तिच्यात याही पदासाठी एक कलम घातले गेले. ज्यांना राज्याचा कायदा ठाऊक आहे आणि तो नीट पाळण्याची ज्यांची इच्छा आहे, अशांनाच न्यायाधीश, शेरीफ आणि अन्य कारभारी नेमावे, असा त्या कलमाचा आशय आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या या कलमात ज्ञान आणि इच्छा अशा दोन अटी आहेत. ज्ञानाची परीक्षा घेता येते. इच्छेची कशी घेणार? इथ्रोची अडचण त्या सरदारांनाही होतीच.

आता आजच्या अटी पाहू. कित्येक राज्यांत पूर्वापार फार थोड्या अटी होत्या. उमेदवार त्या काउंटीचा मतदार व रहिवासी असला म्हणजे पुरे. पुढे काही राज्यांनी दार अरुंद केले. जॉर्जियात उमेदवाराचे वय २५ वर्षे पूर्ण असावे लागते, त्याचे शालेय शिक्षण पुरे झालेले असावे लागते, त्याच्या बोटांचे ठसे घेऊन पूर्वीच्या गुन्ह्यांची चौकशी होते, आणि पोलीस अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र नसल्यास ते पद घेतल्यापासून सहा महिन्यांत मिळवावे लागते. ओहायो राज्यात याहून पुढे जाऊन, हाताखालच्या पोलिसांवर देखरेख करण्याचा दोन वर्षांचा अनुभव किंवा शाळेनंतरचे दोन वर्षांचे शिक्षण मागितले जाते.

कॅलिफोर्नियाची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. तेथे पूर्वी काउंटीतला कोणताही मतदार शेरीफच्या निवडणुकीला उभा राहू शकत असे. १९८८ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९८९ पासून अटी आल्या. उमेदवाराकडे पोलीस प्रशिक्षणाचे वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र असावे. ते नसल्यास पगारी पोलीस नोकरीचा अनुभव असावा: पदव्युत्तर शिक्षण असेल तर एक वर्षाचा, पदवी असेल तर दोन वर्षांचा, दोन वर्षांची महाविद्यालयीन पदविका असेल तर तीन वर्षांचा, आणि केवळ शाळेचा दाखला असेल तर चार वर्षांचा. त्या दिवशी जे शेरीफ पदावर होते ते या अटींत बसतात असे मानावे, असेही त्याच कायद्यात लिहून ठेवले गेले.

या अटींच्या बाजूने जे म्हणता येईल ते खोटे नाही. ज्याच्या हाती बंदूक आणि तुरुंगाची किल्ली द्यायची, त्याला ते काम येते की नाही हे पाहू नये काय? गावात एखादा मनुष्य कितीही भला असला तरी शिकल्याशिवाय आपण त्याला ऑपरेशन करू देत नाही. तुरुंगात आजारी कैदी असतात, वेडाच्या भरात असलेले असतात, निकाल लागायचा असलेले निरपराधीही असतात. अडाणी हाती कारभार गेला तर त्याची किंमत तेच मोजतात. मतदार तर कित्येकदा उमेदवाराचे गोड भाषण ऐकून मत देतो. तेव्हा कायद्याने दाराशीच थोडी पारख केली तर ते दीनदुबळ्यांच्या रक्षणासाठीच होय, असे या पक्षाचे म्हणणे आहे. शमुवेलासारखा देवाचा माणूसदेखील इशायाच्या थोरल्या मुलाची उंची आणि रूप पाहून फसणार होता, मग साधा मतदार फसला तर नवल नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोत १९७९ साली मायकल हेनेसी हे शेरीफ निवडून आले. ते पोलीस खात्यात वाढलेले नव्हते. कैद्यांना कायद्याची मदत देणारे ते वकील होते. १९८० ते २०१२ अशी बत्तीस वर्षे लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडले. कैद्यांना शिकवणे आणि मारहाण करणाऱ्यांना त्या सवयीतून सोडवणे यासाठी त्यांच्या तुरुंगांत जे उपक्रम सुरू झाले, त्यांचे नाव दूरवर पोहोचले. नवीन कायदा झाला तेव्हा ते पदावर होते म्हणून राहिले. पण त्यांच्यासारखा दुसरा एखादा वकील आज प्रथमच उभा राहू म्हणेल तर त्याचा अर्ज दारातच नामंजूर होईल. २०२१ साली या अटी काढून टाकण्यासाठी तेथील सिनेटचे सभासद स्कॉट वीनर यांनी विधेयक आणले होते. त्याचा कायदा झाला नाही.

याहून मला अधिक अस्वस्थ करते ती अलाबामा राज्यातली हकीगत. तेथील लाउंड्स काउंटीत बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. पण १९६५ सालच्या आरंभी मतदारांच्या यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. जॉन ह्यूलेट हे त्या वर्षी प्रथम नाव नोंदवणाऱ्यांपैकी एक. पुढे मतदानाच्या हक्काचा कायदा झाला आणि १९७० साली हेच ह्यूलेट त्या काउंटीचे शेरीफ निवडून आले व बावीस वर्षे त्या पदावर राहिले. कल्पना करा, त्या वेळी अलाबामात आजच्या कॅलिफोर्नियासारखा अनुभवाचा कायदा असता तर काय झाले असते? जेथे मत देण्याचीही सोय नव्हती, तेथे पोलीस खात्यात शिरून चार वर्षांचा अनुभव कोण मिळवू देणार होता? अनुभवाची अट दिसायला सर्वांना सारखी असते. पण अनुभव मिळवण्याचे दार ज्याच्यासाठी बंद आहे, त्याच्यापुरती ती अट म्हणजे भिंतच.

शेजारच्या डॅलस काउंटीत सेल्मा हे गाव आहे. तेथे जिम क्लार्क हा १९५५ पासून शेरीफ होता. दहा वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. ७ मार्च १९६५ रोजी, रविवारी, मतदानाच्या हक्कासाठी पायी निघालेल्या निःशस्त्र स्त्री-पुरुषांवर सेल्माच्या पुलाजवळ राज्याच्या पोलिसांनी आणि क्लार्कच्या माणसांनी लाठ्या चालवल्या आणि अश्रुधूर सोडला. अनुभवाची कोणतीही अट क्लार्कला अडवू शकली नसती. गांजाच्या चोरट्या व्यापाराच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली खरी, पण ती १९७८ साली, पद गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याला पदावरून खाली उतरवले ते १९६६ साली मतदारांनी, आणि त्यांत नव्याने मत मिळालेले कृष्णवर्णीय बंधुभगिनी पुष्कळ होते.

या हकीगती समोर ठेवल्या म्हणजे अटींचे खरे स्वरूप कळते. अट ही चाळणीसारखी आहे. चाळण खडे बाजूला काढते. भाकरी भाजून देत नाही. आणि चाळणीची भोके वेडीवाकडी असली तर खड्याबरोबर दाणाही बाहेर जातो आणि कधी दाण्याबरोबर खडा आत राहतो. म्हणून चाळण फेकून द्यावी असे नाही. पण चाळले म्हणजे स्वयंपाक झाला असे मानणारी गृहिणी आपण पाहिली नाही. मतदार मात्र पुष्कळदा असे मानतो. कायद्याने पारख केली आहे, आता आपण कोणालाही मत दिले तरी चालेल, असे म्हणून तो आपल्या विवेकाला सुट्टी देतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात या बाबतीत किती सुरेख तोल राखला आहे पाहा. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वाटणीत हयगय होत होती. प्रेषितांनी अटी सांगितल्या: ज्यांच्याविषयी लोकांचे मत चांगले आहे, जे आत्म्याने व शहाणपणाने भरलेले आहेत, असे सात जण असावेत. परंतु निवड प्रेषितांनी केली नाही; ती मंडळीने केली. आणि मंडळीने निवडलेल्या सातांची नावे वाचून पाहा, ती सारी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे वाटणीवर बसवली गेली. वाटणीच्या कामाचा मागील अनुभव दाखवा, असे म्हटले असते तर जे आजवर वाटणी करीत होते तेच पुन्हा निवडले गेले असते, आणि विधवा उपाशी राहिल्या असत्या.

यावरून योग्य अटीची तीन लक्षणे मला दिसतात. पहिले, ती कामाशी निगडित असावी. जात, कुळ, पैसा यांच्याशी नव्हे. दुसरे, ती पूर्ण करण्याची वाट सर्वांना खुली असावी. वाट बंद ठेवून अट घालणे हा अन्याय होय. तिसरे, तिने आपली मर्यादा ओळखावी. निवडणाऱ्याच्या विवेकाचे काम आपण केले असा आव तिने आणू नये.

आता या विषयाच्या सर्वांत कठीण भागाकडे येतो. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या मतदारांनी २०१० साली आपल्या राज्यघटनेत मोठ्या बहुमताने एक दुरुस्ती केली. ज्याला गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरवले गेले आहे, त्याला शेरीफ होता येणार नाही. शिक्षा भोगून झाली असली आणि नागरिकाचे हक्क त्याला परत मिळाले असले, तरीही नाही. असा मनुष्य मत देऊ शकतो. पण या एका पदाचे दार त्याला बंद आहे.

ख्रिस्ती मनुष्याने याला काय म्हणावे? आपण तर क्षमेची सुवार्ता सांगणारे लोक. देव आपली पापे फार दूर टाकून देतो असे आपण शिकवतो, आणि रविवार शाळेत मुलांना जक्कयाची गोष्ट सांगताना तो झाडावरून उतरला यावर आपण थांबत नाही, त्याने चौपट परत केले हेही सांगतो. मग कायद्याने एखाद्याचा गुन्हा मरेपर्यंत लक्षात ठेवावा हे योग्य काय?

प्रथमदर्शनी मला वाटले की अयोग्य. अधिक विचार केल्यावर माझे मत बदलले, निदान काही अंशी. क्षमा ही देणगी आहे आणि अधिकार ही सेवा आहे. क्षमेवर पश्चात्तापी माणसाचा हक्क सांगता येतो, कारण देवाने तसे वचन दिले आहे. पण इतरांना बेड्या घालण्याच्या कामावर कोणाचाच हक्क नाही, निर्दोष माणसाचाही नाही. ते पद नाकारले म्हणून कोणाची क्षमा हिरावली जात नाही. शिवाय काउंटीत कधी लाखो मतदार असतात. उमेदवार खरोखर बदलला आहे की नाही हे त्यांनी कसे ओळखावे? कायदा माणसाला ओळखत नाही. तो फक्त कागद ओळखतो. म्हणून त्याची काठी आंधळेपणाने चालते. तरुणपणी एकदा चुकलेला आणि पदावर असताना कैद्यांचा छळ केलेला, या दोघांना तो एकाच मापाने मोजतो. हे त्या नियमाचे वैगुण्य आहे, आणि मोजक्या वर्षांनंतर तरी चौकशी करून दार उघडण्याची सोय असावी असे मला वाटते. तरीही, जे सरकार माणसाला ओळखत नाही त्याने तुरुंगाच्या किल्लीपुरते सावध राहावे, हे मी समजू शकतो.

परंतु जी मंडळी माणसाला ओळखते, तिला ही सबब सांगता येत नाही. येथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीच्या पंच कमिटीचा चिटणीस होतो. ईश्वरविज्ञानाची पदविका नुकतीच हाती आली होती आणि नियमांविषयी माझा उत्साह दांडगा होता. वार्षिक सभेत खजिनदाराच्या जागेसाठी एका बंधूंचे नाव सुचवले गेले. तरुणपणी नोकरीच्या ठिकाणी पैशांच्या अफरातफरीबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. ती भोगून ते आले, राहते घर विकून त्यांनी रक्कम भरली, आणि त्यानंतर चौदा वर्षे त्यांचे वागणे साऱ्या मंडळीच्या डोळ्यांसमोर होते. मी उभा राहिलो, पहिल्या तीमथ्याचा तिसरा अध्याय उघडला, अध्यक्ष निर्दोष असावा आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे यावर भर दिला, आणि पैशांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कोणालाही मंडळीचे पद देऊ नये असा ठराव मांडला. ठराव मंजूर झाला. ते बंधू शेवटच्या रांगेत बसले होते. सभा संपल्यावर दर रविवारप्रमाणे त्यांनी सतरंज्यांच्या घड्या घातल्या आणि ते घरी गेले.

त्यांच्या जागी जे खजिनदार झाले ते शिकलेले होते आणि त्यांच्या नावावर काही डाग नव्हता. त्यांचे हिशेब पैशापैशाने जुळत. पण विधवा निधीतून मदत मागायला येणाऱ्या भगिनींना कधी सही नाही म्हणून, कधी दाखला जुना म्हणून ते परत पाठवीत. त्यांनी एक पैसा खाल्ला नाही. पण एक पैसा वेळेवर दिलाही नाही. तेव्हा मला योहानाच्या बाराव्या अध्यायाची आठवण झाली. प्रभूच्या शिष्यांत मत्तय होता, जकातीच्या नाक्यावर बसलेला, लोक ज्याला पापी म्हणून ओळखीत असा. पण सर्वांची थैली यहूदा इस्कर्योताकडे होती, ज्याच्या पूर्वायुष्याविषयी शास्त्रात एकही वाईट गोष्ट लिहिलेली नाही. मागचा डाग पुढच्या वर्तनाची हमी देत नाही, आणि मागचा स्वच्छपणाही देत नाही.

मी त्या दिवशी शास्त्रभाग चुकीचा वाचला नव्हता. पण त्याच शास्त्रातला दुसरा भाग मी विसरलो होतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात शौल यरुशलेमेत येतो तेव्हा शिष्य त्याला भितात, आणि त्यांचे भिणे स्वाभाविकच आहे. त्याने त्यांच्या घरातली माणसे ओढून नेली होती. तेव्हा बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेतो आणि त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते सांगतो. बर्णबाने स्वतःचे नाव पणाला लावले. आणि शौलाला लगेच मोठे पद मिळाले असेही नाही. तो तार्सास गेला. पुढे अकराव्या अध्यायात त्याला शोधून अंत्युखियास आणणाराही बर्णबाच. काळ आणि साक्षीदार, या दोन गोष्टींनी त्या बंद दाराला कडी-कोयंड्याऐवजी बिजागरी दिली. आमच्या बंधूंपाशी चौदा वर्षांचा काळ होता. साक्षीदार नव्हता. मी होऊ शकलो असतो, पण मी ठराव लिहीत होतो.

हे मासिक त्यांच्याही घरी येते. म्हणून हा लेख धाडण्यापूर्वी मी त्यांच्याकडे जाऊन तो वाचून दाखवला आणि छापू का असे विचारले. त्यांनी होकार दिला. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “किल्ली दिली नाही याचं मला वाईट वाटलं नव्हतं. मीच नको म्हणणार होतो. पण मला कोणी काही विचारलंच नाही.”

माझ्या साऱ्या विवेचनापेक्षा हे एक वाक्य मला मोलाचे वाटते. नियमाचा खरा धोका याच ठिकाणी आहे. नियम वाईट असतो म्हणून नव्हे, तर नियम झाला की आपण माणसाला विचारायचे सोडून देतो म्हणून. मतदार उमेदवाराविषयी चौकशी करीत नाही, कारण कायद्याने केली आहे. पंच बंधूशी बोलत नाहीत, कारण ठराव बोलला आहे. इथ्रोच्या तीन अटी कागदावर उतरत नाहीत त्या अर्थी त्या पारखण्याचा एकच मार्ग उरतो: माणसाजवळ बसणे, त्याचे ऐकणे, त्याच्या शेजाऱ्यांना आणि त्याच्या हाताखालच्यांना विचारणे, आणि मग देवापुढे गुडघे टेकून निर्णय घेणे. हे काम लांबणीचे आहे. म्हणूनच आपण ते कायद्यावर ढकलतो.

रविवार शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. इथ्रोचा धडा घेताना मोठ्या वर्गातील मुलांना विचारा की आपल्या वर्गाचा खजिनदार निवडायचा असेल तर तुम्ही कोणत्या अटी घालाल. फळ्यावर त्या लिहा. मग प्रत्येक अटीपुढे विचारा की ही कागदावर तपासता येईल की माणसाजवळ जाऊन. आणि शेवटी विचारा की या अटींमुळे कोणता मुलगा किंवा मुलगी बाहेर राहते, आणि आपण तिला जाऊन कधी विचारले आहे काय. मुलांची उत्तरे मोठ्यांनाही शिकवून जातील.

आता अनेक मंडळ्यांत वार्षिक सभांचे दिवस येतील. अटी अवश्य असाव्यात. खजिन्याची किल्ली आणि तुरुंगाची किल्ली कोणाच्याही हाती पडू नये. पण मतपत्रिका हाती घेतल्यावर आपण एवढे लक्षात ठेवू की चाळण्याचे काम संपले आहे आणि आपले काम आता सुरू होत आहे. आमच्या मंडळीतला तो जुना ठराव अजून वहीत तसाच आहे. येत्या सभेत तो फेरविचारासाठी मांडावा, अशी सूचना मी पाळकसाहेबांना लेखी दिली आहे. ती मान्य होईल की नाही हे मंडळी ठरवील. पण या वेळी त्या बंधूंना आधी विचारले जाईल, आणि त्यांच्या बाजूला एक साक्षीदार बसलेला असेल.